नगरपालिकेचा कामगार आणि कारभारातील वाटा
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



नगरपालिकेची सेवा बिघडली की दोनच उपाय सुचवले जातात : कर्मचाऱ्यांना शिस्त लावा, नाहीतर काम ठेकेदाराला द्या. काम करणाऱ्याला त्या कामाविषयी विचारावे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

पुण्यात ते घडले. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत तेथे 1993 साली उभी राहिली. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया, त्याही दलित. घरोघरचा कचरा गोळा करण्याचे बंधन महापालिकांवर आले, तेव्हा ठेकेदाराच्या गाड्या आपली भाकरी नेणार हे त्यांनी ओळखले आणि हे काम आम्हीच करू, असा आग्रह धरला. त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली व 2008 साली महापालिकेशी तिचा करार झाला. सुक्या मालाची विक्री वेचणारीच्या हाती असल्याने ती कचरा निगुतीने वेगळा करते. वजनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला ओले-सुके एकत्र कोंबण्यातच लाभ असतो.

तथापि केवळ गुणगानाने भागणार नाही. शुल्क घराघरांतून मागावे लागते; कोणी ते बुडवले तर झळ त्या बाईला. वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. कर वसूल करणाऱ्या महापालिकेने आपले कर्तव्य असे स्वस्तात उरकावे काय?

मुंबईत वाट वेगळी होती. कचरा वाहतूक श्रमिक संघाने प्रदीर्घ न्यायालयीन लढा देऊन 2017 साली सर्वोच्च न्यायालयातून 2,700 कंत्राटी कामगारांना कायम करून घेतले. हा विजय मोठा आहे. परंतु कायम झालेल्या कामगारालाही हजेरी चौकीवर मुकादम सांगेल तेच करावे लागते. पुण्यात अधिकार आहे पण शाश्वती नाही. मुंबईत शाश्वती मिळाली, अधिकार नाही.

राज्यघटनेत 1976 साली आलेले कलम 43-क उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाची हमी घेण्यास राज्याला सांगते. नगरपालिका म्हणजे कारखाना नव्हे, असे उत्तर अधिकारी देतील. बजबज नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1952 सालीच नगरपालिकेचे काम औद्योगिक विवादाच्या कक्षेत आणले होते, हे त्यांना दाखवावे.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात सफाई, पाणी व आरोग्य खात्यांच्या कामगारांनी गुप्त मतदानाने निवडलेल्या प्रतिनिधींची समिती असावी, आणि तिच्या संमतीवाचून एकही ठेका निघू नये. हा ठराव आपल्या नगरसेवकांनी मांडावा. काही युनियनांनाही तो रुचणार नाही, कारण अशा समितीत निवडून येणारा माणूस त्यांच्या पदाधिकाऱ्यांपैकीच असेल असे नाही. तरीही तो मांडावा.