आकडा आणि अमानत

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण कष्टाचा पैसा बँकेत नेऊन देतो आणि रात्री निर्धास्त झोपतो. या विश्वासाला आपल्या बोलण्यात एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे अमानत. ज्याच्याकडे अमानत ठेवली त्याने ती मागताक्षणी परत करावी, एवढाच तिचा अर्थ नाही. मालकाला विचारल्यावाचून तिला हात लावू नये, हाही तिचा अर्थ आहे. आज मी आपणांस अमेरिकेतील एका मोठ्या बँकेची हकीगत सांगणार आहे. या बँकेने कोणाच्या ठेवी बुडविल्या नाहीत, तरीही तिच्या हातून अमानतीत खयानत झाली. ती कशी झाली, हे आपण समजून घेतले पाहिजे.

या बँकेचे नाव वेल्स फार्गो. सोन्याच्या शोधात माणसे कॅलिफोर्नियाकडे धावत होती त्या काळात, म्हणजे १८५२ साली, हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांनी ही पेढी काढली. घोड्यांच्या टपालगाडीतून लोकांचे सोने सुखरूप पोहोचविणे हा तिचा लौकिक होता. ती घोडागाडी पुढे बँकेचे बोधचिन्ह झाली. म्हणजे या बँकेचा पायाच मुळी विश्वासाचा होता.

पुढे बँकेने एक धोरण स्वीकारले. गिऱ्हाइकाचे एक खाते आहे ना? मग त्याला दुसरे घ्यावयास लावा, क्रेडिट कार्ड द्या, कर्ज द्या. एका कुटुंबामागे अशा आठ गोष्टी खपल्या पाहिजेत, असे लक्ष्य ठरले. आठच का? इंग्रजीतील ‘एट’ हा शब्द ‘ग्रेट’ या शब्दाशी जुळतो म्हणून! हे मी विनोदाने सांगत नाही. बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ यांनी २०१० सालच्या वार्षिक अहवालात हेच कारण दिले होते. कुटुंबाची गरज किती, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हताच.

वरच्या माणसाला सुचलेला आकडा खालच्या माणसाच्या डोक्यावर धोंड्यासारखा येऊन पडतो. शाखाशाखांतून रोजच्या रोज हिशेब मागितला जाऊ लागला. आज किती खाती उघडली? कमी का? आकडा गाठील त्याला बढती व बक्षीस, न गाठील त्याच्या नोकरीवर गदा. गिऱ्हाईक तर नको म्हणते, आणि साहेब ऐकत नाही. मग काही कर्मचाऱ्यांनी गिऱ्हाइकाला विचारण्याचेच सोडून दिले. त्यांनी परस्पर खाती उघडली. नवे खाते खरे वाटावे म्हणून जुन्या खात्यातील थोडे पैसे त्यात वळविले. खोटे ई-मेल पत्ते घातले. न मागितलेली कार्डे काढली आणि त्यांचे गुप्त क्रमांकही स्वतःच ठरविले. जुन्या खात्यात शिल्लक कमी पडली की भुर्दंड मात्र बिचाऱ्या गिऱ्हाइकाला!

२०१३ सालाच्या अखेरीस ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राने या प्रकाराला वाचा फोडली. २०१५ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या वकिलाने बँकेवर दावा लावला. ८ सप्टेंबर २०१६ रोजी बँकेला एकूण साडेअठरा कोटी डॉलर दंड झाल्याचे जाहीर झाले. सुमारे १५ लाख ठेव खाती आणि ५ लाख ६५ हजार क्रेडिट कार्डांचे अर्ज गिऱ्हाइकांच्या संमतीवाचून झाले असावेत, असा तेव्हाचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी बँकेने संशयास्पद खात्यांचा एकूण आकडा ३५ लाखांवर नेला.

विद्यार्थी मित्रहो, येथे एक हिशेब पाहा. २०१६ च्या त्या पहिल्या मोजदादीत अशा खात्यांवर गिऱ्हाइकांकडून उकळलेले शुल्क निघाले सुमारे २४ लाख डॉलर. एवढ्या अवाढव्य बँकेला ही रक्कम म्हणजे किरकोळ खुर्दा! मग एवढी लबाडी झाली कशासाठी? आकड्यासाठी. दर कुटुंबामागे किती खाती, हा आकडा बँक भागधारकांना अभिमानाने दाखवीत होती. २०२० मध्ये बँकेने सरकारशी जो ३०० कोटी डॉलरचा समझोता केला, त्यात गुंतवणूकदारांची दिशाभूल हाही एक मुद्दा होता. चोर पैशासाठी चोरी करतो हे आपण जाणतो. येथे मात्र आकडा चांगला दिसावा म्हणून चोरी झाली.

दोष कोणाचा? प्रथम दोष आला खालच्यांवर. पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना बडतर्फ केल्याचे बँकेने सांगितले. त्यांनी चूक केली यात शंका नाही. दुसऱ्याच्या नावाने सही करणारा हात आपलाच असतो. साहेबाने सांगितले म्हणून तो हात साहेबाचा होत नाही. पण पाच हजार माणसे एकाच प्रकारची लबाडी करतात तेव्हा ती केवळ त्या माणसांची खोड नसते. विक्रीचा अतिरेकी दबाव हेच मूळ, असे बँकेच्या संचालकांनी नेमलेल्या चौकशीतही २०१७ मध्ये निघाले. स्टम्फ यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये पायउतार व्हावे लागले. २०२० मध्ये त्यांना १ कोटी ७५ लाख डॉलर दंड झाला आणि बँकिंगचा व्यवसाय जन्मभर बंद झाला. शाखांचा कारभार पाहणाऱ्या कॅरी टोल्स्टेड यांनी सरकारी तपासणीत अडथळा आणल्याचा गुन्हा २०२३ मध्ये कबूल केला. खुद्द बँकेवर २०१८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बंधन घातले की, तिने आपला पसारा वाढवू नये. ते बंधन जून २०२५ मध्ये उठले. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ ही बँक जागच्या जागी खिळून राहिली.

सर्वच गप्प बसले होते असेही नाही. गैरप्रकार वरिष्ठांच्या कानी घालणाऱ्या एका व्यवस्थापकाला २०१० मध्ये नोकरी गमवावी लागली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने त्याला परत घेण्याचा व सुमारे ५४ लाख डॉलर देण्याचा आदेश बँकेला दिला. खरे बोलणाऱ्याला न्याय मिळाला, पण मधे सात वर्षे गेली. खरे बोलण्याची किंमत लगेच मोजावी लागते आणि फळ उशिरा येते, हे मी मुलांपासून लपवू इच्छीत नाही. ते ठाऊक असूनही जो बोलतो तोच खरा हिंमतवान.

आता आपल्या घराकडे वळू. पालकहो, निकालाच्या दिवशी आपला पहिला प्रश्न कोणता असतो? “किती टक्के?” काय समजले, काय अडले, हे आपण विचारीत नाही. शेजारच्या मुलापेक्षा कमी का, हे मात्र विचारतो. तो आठाचा आकडा आणि हा टक्क्यांचा आकडा एकाच जातीचे आहेत. मुलाची कुवत न पाहता लादलेला आकडा त्याला अभ्यासाकडे नेईलच असे नाही. कॉपीकडेही नेऊ शकेल. मग कॉपी करणारा पकडला जातो आणि आकडा मागणारे नामानिराळे राहतात. हे त्या बँकेहून वेगळे कसे म्हणावे? आपण मुलांकडून मेहनत जरूर मागावी. परंतु कमी गुण घेऊन घरी येणाऱ्या मुलाला दार उघडे आहे, आणि खोटे गुण घेऊन येणाऱ्याचे कौतुक होणार नाही, हे त्याला आधी ठाऊक असले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या बँकेत बसेल, कोणी विमा विकेल, कोणी दुकान चालवील. समोरच्या माणसाला नको असलेली वस्तू गळ्यात मारू नका. त्याच्या नावावर त्याला न विचारता काही करू नका.

आणि सर्वांना एक व्यवहाराची गोष्ट. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. पासबुक भरून घ्या व ओळीन्‌ओळ वाचा. न मागितलेले शुल्क दिसल्यास बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. घरातील वडीलधाऱ्यांना वाचता येत नसेल तर हे काम मुलांनी करावे. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग घराला झालाच पाहिजे.

आकडे हवेतच, त्यांवाचून ना बँक चालेल ना शाळा. पण आकडा हा अमानतीचा नोकर आहे. तो मालक होणार नाही, याची काळजी आपण सर्वांनी घ्यावी.