इन्सुलिनची बाटली नीट वाचा
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तुकोगंज, इंदूर येथे दिलेले भाषण)



ह्या मंगल प्रसंगी आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही डॉक्टर नव्हे; शाळेत विज्ञान शिकविणारे मास्तर. तेव्हा कोणी किती औषध घ्यावे हे सांगणे आमच्या अधिकारात नाही, आणि ते आम्ही सांगणारही नाही. परंतु लिहिलेले नीट वाचणे आणि त्रैराशिक मांडणे ही दोन कामे मास्तरकीचीच आहेत. इन्सुलिनच्या बाबतीत ह्या दोहोंत चूक झाली तर काय होते, ते आम्ही स्वतःच्या घरी पाहिले आहे. तेच आधी सांगतो.

आमच्या अम्मी पुष्कळ वर्षांपासून मधुमेहाने आजारी आहेत आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. एकदा परदेशी राहणारे आमचे एक आप्त भेटीस आले, ते अम्मींकरिता सिरिंजांचा एक डबा घेऊन आले. सुई अगदी बारीक, टोचल्याचे कळतसुद्धा नाही, म्हणून अम्मी खूष झाल्या. पण चार दिवसांतच त्यांची साखर चढू लागली. दोनशे झाली, अडीचशे झाली, पुढे तीनशेच्याही वर गेली. आम्ही काय समजावे? इंदूरचे घर, सकाळी पोहे-जिलबी, आणि रात्री सराफ्यातून कोणी ना कोणी पुडा घेऊन येणारच. आम्ही सरळ म्हणालो, "अम्मी, तुम्ही चोरून गोड खाता." त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा, अल्लाची शपथ, जिभेवरसुद्धा ठेवले नाही." आम्हांस ते पटले नाही. गोडाच्या डब्यांना कुलूप लागले. अम्मी मुकाट्याने बसून राहू लागल्या.

बारा दिवसांनी डॉक्टरांनी बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन बोलाविले. त्यांनी काही न बोलता सिरिंजच्या नारिंगी टोपणावर बोट ठेवले. बाटली ४० ची होती आणि सिरिंज १०० ची!

ह्याचा अर्थ असा. आपल्याकडे इन्सुलिनच्या पुष्कळशा बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. त्यांच्याकरिता लाल टोपणाची सिरिंज असते. अनेक देशांत बाटल्या १०० युनिटच्या असतात, आणि त्यांच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. अम्मींची मात्रा २० युनिटची. १०० च्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरले म्हणजे औषध आले ०.२ मिलिलिटर. ४० च्या बाटलीतल्या तेवढ्या औषधात युनिटे किती? चाळीस गुणिले शून्य दशांश दोन, म्हणजे अवघी ८. वीसच्या जागी आठ युनिटे आम्ही त्यांना बारा दिवस देत होतो, आणि वर त्यांनाच बोल लावीत होतो.

आता हेच गणित उलट मांडून पाहा. बाटली १०० ची आणि सिरिंज लाल टोपणाची, ४० ची. त्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटरमध्ये १०० च्या बाटलीतली ५० युनिटे जातात! वीसच्या जागी पन्नास. अशा वेळी माणसास दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात, भूक भडकते, बोलणे असंबद्ध होते, आणि वेळीच साखर मिळाली नाही तर शुद्ध हरपून जीवही जाऊ शकतो. ह्या दोन्ही प्रकारच्या बाटल्या आपल्या दवा बाजारात मिळतात. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचावयाची नाही, हा पहिला धडा. पेनमधले औषध बहुधा १०० चे असते, काहींत त्याहूनही तीव्र असते. म्हणून पेनमधून सिरिंजने औषध कधीही ओढू नये.

दुसरा धडा नावाचा. इन्सुलिन हे एकच औषध आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक त्याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे आहे.

पहिला प्रकार रेग्युलर, म्हणजे साधे इन्सुलिन. हे पाण्यासारखे स्वच्छ दिसते. सुमारे अर्ध्या तासाने कामास लागते आणि सहा ते आठ तास चालते. म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात. दुसरा प्रकार शीघ्र इन्सुलिनचा. लिस्प्रो, अस्पार्ट ही त्यांची नावे. दहा-पंधरा मिनिटांत सुरू होते आणि तीन ते पाच तासांत संपते. हे टोचून ताटावर बसावयाचे. टोचले आणि मग पाहुण्यांशी गप्पा मारीत बसले, असे चालत नाही. तिसरा एन.पी.एच. हा दिसावयास दुधाळ, कारण त्यात प्रोटामीन नावाचे द्रव्य मिसळून औषधाचा वेग मंद केलेला असतो. चार तासांनंतर त्याचा जोर वाढतो आणि बारा तासांहून अधिक काळ तो टिकतो. चौथा प्रकार दीर्घकाळ टिकणारा. ग्लार्जिन सुमारे चोवीस तास एकसारखे चालते, आणि डेग्लुडेक त्याहूनही अधिक. पाचवे मिश्रण. ३०/७० असे ज्यावर लिहिलेले असते, त्या आपल्याकडच्या मिश्रणात तीस भाग त्वरित काम करणारे आणि सत्तर भाग मंद काम करणारे असते. मिश्रणातही जुने व नवे असे दोन प्रकार आहेत; जेवणापूर्वी किती वेळ आधी घ्यावयाचे, हे डॉक्टरांस विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्यावे.

येथे एक फसवी जागा आहे. साधे इन्सुलिन स्वच्छ आणि ग्लार्जिनही स्वच्छ. दिसण्यात फरक नाही. परंतु एक सहा-आठ तासांचे, दुसरे दिवसभराचे. तेव्हा रंगावर जाऊ नये, नावच वाचावे. ग्लार्जिन दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळू नये. दुधाळ बाटली मात्र दोन्ही तळहातांत हलके फिरवून घ्यावी, जोराने हलवू नये. फिरवूनही गुठळ्या राहिल्या तर टाकून द्यावी.

कित्येक घरांत इन्सुलिनविषयी धर्मशंका असते, तिचाही उल्लेख करतो. पूर्वी हे औषध गाय-बैल व डुक्कर ह्यांच्या स्वादुपिंडापासून काढीत. त्यामुळे हिंदू आणि मुसलमान, दोघांच्याही घरी श्रद्धाळू माणसास संकोच वाटे. १९७८ साली शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची कृती जिवाणूंच्या अंगी उतरविली, आणि १९८२ साली अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली. आपल्या देशात वोखार्ट कंपनीने २००३ साली 'वोसुलिन' नावाचे असे इन्सुलिन बाजारात आणले. मानवी इन्सुलिन म्हणजे माणसाच्या शरीरातून काढलेले नव्हे. जिवाणू किंवा यीस्ट ह्यांच्याकडून ते करवून घेतात. तेव्हा ह्या शंकेपायी कोणी उपचार टाळू नये. रोजे असोत की एकादशी, उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे; मात्रा आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. आजाऱ्यास रोज्यांतून सवलत आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांनीच त्यास प्रेमाने सांगावे.

इन्सुलिन सुरू झाले म्हणजे अखेर जवळ आली, असेही काही जण मानतात. इतिहास नेमका उलट आहे. १९२१ पूर्वी ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नसे, ती उपासमारीच्या पथ्यावर थोडे दिवस काढून मरून जात. त्या वर्षी टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी इन्सुलिन शोधून काढले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम देण्यात आले आणि तो वाचला. बँटिंग, बेस्ट व कॉलिप ह्यांनी आपले हक्क विद्यापीठास दिले, ते प्रत्येकी एका डॉलरास! धर्मादाय न्यासाच्या सभेत ह्याहून चांगला दाखला आम्ही कोणता द्यावा? बँटिंग ह्यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, तोच जागतिक मधुमेह दिन, आणि आपल्या शाळांतला बालदिनही तोच.

आता विश्वस्त मंडळींस तीन विनंत्या करतो. गरजूंना आपण औषधाची मदत देतो. इन्सुलिनची बाटली देताना तिच्या आकड्याच्या सिरिंजही बरोबर द्याव्यात, आणि बाटलीचे नाव व आकडा घेणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. दुसरे, घरात उरलेली औषधे लोक सद्भावनेने आणून देतात, त्यांत इन्सुलिन घेऊ नये. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवावी लागते, बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास ती बिघडते, आणि उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच चालते. आपल्या माळव्यातल्या मे महिन्यात ती कोणाच्या खिडकीत तापली असेल, हे बाटलीकडे पाहून कळत नाही. तिसरे, घाम व कापरे सुटल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, सरळ इस्पितळ गाठावे. एवढे एका कागदावर छापून प्रत्येक बाटलीबरोबर द्यावे. खर्च थोडा आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून परत आल्यावर आम्ही अम्मींच्या पायाशी बसून माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "मास्तर ना तू? मग आकडा वाचायचा कसा राहिला?" ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. आम्ही त्यांच्या तोंडातला घास मोजीत होतो, सिरिंजवरच्या रेघा मात्र मोजल्या नाहीत. आपल्या घरी असे होऊ नये, म्हणून हा घरचा प्रसंग चारचौघांत सांगितला.