स्मरण म्हणजे गुणांची अनुमोदना

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या स्मरणसभेतील व्याख्यान)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा तिच्या वाटचालीचा आढावा घेतला जातो. इमारती किती झाल्या, निधी किती जमला, किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली, याची नोंद होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु अर्धशतक हा माणसाच्या आयुष्याच्या मानाने मोठा काळ असतो. आरंभीच्या सभांना ज्यांनी सतरंज्या अंथरल्या, सायकलवरून गावोगाव फिरून ज्यांनी वर्गणी गोळा केली आणि पाहुण्यांच्या भोजनासाठी ज्या माउलींनी पहाटे चुली पेटवल्या, त्यांतील बहुतेक जण आज हयात नाहीत. गेल्या काही वर्षांत तर खेड्याखेड्यांतील ही पिढी फार वेगाने निघून गेली. या महोत्सवी वर्षात त्यांच्या स्मरणासाठी एक सभा स्वतंत्रपणे योजली गेली, ही समाधानाची बाब आहे.

या प्रसंगी एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. मृतांचे स्मरण करण्याचे जैन धर्मात प्रयोजन काय? जैन तत्त्वज्ञानाप्रमाणे देह सुटताच जीव आपल्या कर्मानुसार पुढील गतीला जातो. मागे राहिलेल्यांनी अर्पण केलेले अन्नपाणी त्याला पोहोचते, असे हे दर्शन मानत नाही. उलट, तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीय कर्माच्या आस्रवाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत शोक आणि आक्रंदन यांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे केवळ शोक करीत बसणे हे स्वतःलाच बांधून घेणे होय. मग मागे राहिलेल्यांनी करावे तरी काय?

याचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. गुणवंताचा गुण पाहून मनात उमटणारा निर्मळ आनंद म्हणजे प्रमोद. तसेच कृत, कारित आणि अनुमत, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मनापासून संमती दिलेले, या तिन्ही प्रकारांनी कर्माचा आस्रव होतो, हेही सर्वश्रुत आहे. दिवंगताच्या सत्कृत्याची अनुमोदना केल्याने लाभ होतो तो अनुमोदना करणाऱ्याचा. स्मरण हे गेलेल्यांच्या उपकारासाठी नसून राहिलेल्यांच्या हितासाठी आहे. मात्र अनुमोदना करावयाची तर कृत्य ठाऊक हवे. ज्याचे कार्य विस्मृतीत गेले, त्याच्या गुणांविषयी प्रमोद कसा उत्पन्न होणार?

आपल्या पूर्वजांना याची जाणीव होती. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर इसवी सनाच्या सातव्या शतकापासूनचे शिलालेख आहेत आणि त्यांतील प्राचीन लेखांपैकी बरेचसे समाधिमरणाची नोंद करणारे आहेत. बी. लेविस राईस यांनी १८८९ मध्ये तेथील १४४ लेख प्रसिद्ध केले. आर. नरसिंहाचार यांनी १९२३ मध्ये काढलेल्या सुधारित आवृत्तीत ही संख्या ५०० पर्यंत गेली. राजे आणि सेनापती त्यांत आहेतच, पण मोठ्या संख्येने आहेत ते मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका. त्यांतील पुष्कळांची नावे त्या दगडाखेरीज इतिहासात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. निषिधीच्या शिळेवर बहुधा खाली गुरूसमोर बसलेला साधक आणि वर जिनप्रतिमा कोरलेली असते. मजकूर थोडका असतो. नाव, गुरू, कोणते व्रत घेतले, देह कसा ठेवला, एवढेच. पण तेवढ्याने तेराशे वर्षांपूर्वीची एखादी आर्यिका आज वाचकासमोर उभी राहते. बाराव्या शतकात होयसळांचा सेनापती गंगराज याने आपली पत्नी लक्ष्मीमती हिच्या समाधिमरणानंतर लेख कोरविला. आहार, अभय, औषध आणि शास्त्र या चार दानांतील तिची रुची हा तिच्या गौरवाचा विषय आहे. सेनापतीची पत्नी एवढीच तिची ओळख त्यांनी ठेवली नाही, तिच्या हातून काय घडले तेही सांगितले.

अलीकडच्या काळाकडे वळले तरी हेच दिसते. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराज हे भोज गावच्या शेतकरी पाटील घराण्यातील. १९५५ साली कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखना स्वीकारली आणि १८ सप्टेंबर रोजी देह ठेवला. त्या काळात त्यांनी मराठीतून दिलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला. ध्वनिमुद्रणाची साधने दुर्मिळ असताना कोणाला तरी ते सुचले, म्हणून एका खेड्यातून आलेल्या त्या महापुरुषाची वाणी पुढील पिढ्यांसाठी राहिली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथील जैन शेतकरी घराण्यात झाला. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले, ही हकीकत महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती ठाऊक आहे, कारण ती कोणीतरी सांगितली आणि लिहून ठेवली. मात्र त्याच वसतिगृहांसाठी दररोज दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवणाऱ्या घरोघरच्या स्त्रियांची नावे आज कोठे आहेत? त्या मुठींवर मुले शिकली, शिक्षक झाली, अधिकारी झाली. देणाऱ्या हातांची मात्र यादी झाली नाही.

आज जी पिढी निरोप घेत आहे, ती साधारणतः १९३० ते १९५० या दोन दशकांत जन्मलेली. तिने आपल्या डोळ्यांदेखत शेती बदलताना पाहिली. बालपणी तिने मोटेमागे बैल हाकले, तारुण्यात ऑईल इंजिन आणले आणि प्रौढपणी विजेच्या मोटारीसाठी रात्रीच्या पाळीला जागरण केले. १९७२ च्या दुष्काळात या पिढीतील पुष्कळांनी कामावर जाऊन खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. सहकारी साखर कारखान्याचा शेअर घेताना अनेकांनी घरातील सोने मोडले. सही करताना ज्यांचा हात अडखळत असे, त्यांनी मुलामुलींना पदवीपर्यंत नेले.

आणि या सर्व प्रपंचात त्यांनी धर्म सांभाळला. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्यासाठी शेतातून धावत-पळत येणारी माणसे ती. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीव पुन्हा त्याच विहिरीत हलक्या हाताने सोडणाऱ्या आजीबाईंनी अहिंसेवर कधी व्याख्यान दिले नाही. पण नातवंडांना अहिंसा समजली ती त्या हाताकडे पाहून. विहार करीत मुनिसंघ गावात आला की चौका लावण्यासाठी सगळे घर धुऊन काढणारी सून, दशलक्षण पर्वात रोज सायंकाळी मुलांना णमोकार मंत्र आणि स्तोत्रे शिकवणाऱ्या ताई, पंचकल्याण पूजेत मंडपाचे खांब पुरण्यापासून खरकटे काढण्यापर्यंत राबणारा तरुण, जो पुढे म्हातारा होऊन कट्ट्यावर बसला आणि एके दिवशी दिसेनासा झाला. गावाचा धर्म या माणसांनी चालवला.

अशा व्यक्तीच्या निधनानंतर काय लिहिले जाते? स्वभाव मनमिळाऊ, वृत्ती धार्मिक, पश्चात मुले, सुना, नातवंडे असा परिवार, रक्षाविसर्जन अमुक दिवशी सकाळी. नाव बदलले की हाच मजकूर दुसऱ्यासाठीही चालतो. चौकातील श्रद्धांजलीचा फलक आठवड्याने उतरतो. स्त्रियांच्या बाबतीत तर बहुधा अमुक यांच्या धर्मपत्नी, तमुक यांच्या मातोश्री, यापलीकडे काही लिहिलेच जात नाही. माहेर कोणते, शिक्षण किती, कोणत्या गोष्टीत हात धरणारे कोणी नव्हते, याची कोणी विचारपूसही करीत नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तर एवढेही घडले नाही. कोरोनाच्या साथीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कित्येकांना घरच्यांचा शेवटचा स्पर्शही लाभला नाही. रक्षाविसर्जनाच्या वेळी गाव जमते, चार माणसे उठून दोन शब्द बोलतात आणि त्या बोलण्यातून घरच्यांनाही माहीत नसलेल्या गोष्टी बाहेर येतात. ती संधीच हुकली. त्या दोन वर्षांत गेलेल्यांच्या कुटुंबीयांच्या मनात आजही काही बोलायचे राहून गेले आहे. त्यांच्याकडे जाऊन ते ऐकून घेणे, हे कोणत्याही बांधकामाइतकेच महत्त्वाचे धर्मकार्य आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. मंदिरांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या असतात. त्यांवर देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने कोरलेली असतात. दान हे श्रावकाचे कर्तव्यच आहे आणि दात्यांचा गौरव उचितच आहे. तथापि ज्याने रक्कम दिली नाही, परंतु चाळीस वर्षे पहाटे मंदिराचे दार उघडले, त्याचे नाव कोणत्या पाटीवर? ज्यांनी मंदिराचे दगड घडवले, मिरवणुकीत वाद्ये वाजवली, पुजेसाठी फुले आणि समया आणून दिल्या, ते अनेकदा अन्य समाजांतील होते. गावाच्या धर्मजीवनात त्यांचाही वाटा होता. गुण कोणाच्याही ठिकाणी असो, त्याला पाहून प्रमोद व्हावा, अशीच शिकवण आहे. स्मरणाच्या यादीत त्यांना स्थान नसेल, तर ती यादी अपुरी म्हणावी लागेल.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक गावच्या मंदिरात एक स्मरणवही ठेवली जावी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक बांधीव वही, सुवाच्य अक्षर असलेली एक व्यक्ती आणि ऐकण्याची तयारी, एवढे पुरे. रक्षाविसर्जनानंतर महिन्याभरात, घरातील वातावरण थोडे निवळल्यावर, दोघांनी त्या घरी जावे. कुटुंबाची संमती घ्यावी. जन्मगाव कोणते, माहेर कोणते, कोणते काम आयुष्यभर केले, कोणते व्रत पाळले, कोणाला शिकवले, कोणाला संकटात हात दिला, कोणते वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे, हे विचारावे. पत्नी आणि मुलींना आवर्जून बोलते करावे, कारण पुष्कळदा त्यांनाच खरे माहीत असते. एका व्यक्तीसाठी एक पान पुरेसे आहे.

लिहिताना सत्याणुव्रताचे भान असावे. प्रत्येकाला संत ठरवण्याचे कारण नाही. एखादे आजोबा तापट असतील, भावकीच्या बांधावरून त्यांनी वर्षानुवर्षे अबोला धरला असेल आणि अखेरीस एखाद्या संवत्सरीला स्वतः जाऊन क्षमा मागितली असेल. तो अबोला वगळला, तर त्या क्षमेचे मोल कळणार नाही. कुणाची बदनामी होईल असे लिहू नये, पण खोटी स्तुतीही करू नये. खोट्या स्तुतीतून पुढच्या पिढीला काही शिकता येत नाही.

या वहीची एक प्रत गावाबाहेर ठेवणेही अगत्याचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कित्येक घरांतील जुनी छायाचित्रे, पत्रे आणि वह्या पाण्यात गेल्या. आता मोबाइलवर पानाचे छायाचित्र घेता येते, वृद्धांचा आवाजही साठवता येतो. ते सोपे झाले आहे, म्हणूनच त्यात आळस होतो. जे वृद्ध आज हयात आहेत, त्यांच्याकडे तर आजच जायला हवे. त्यांच्या मागे त्यांच्याविषयी विचारण्यापेक्षा त्यांच्यापाशी बसून त्यांनाच विचारणे अधिक श्रेयस्कर आहे.

रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळून तेथे एक झाड लावण्याची रीत अलीकडे अनेक कुटुंबांनी स्वीकारली आहे. ती स्तुत्य आहे. झाड सावली देईल, फळ देईल. पण ते कोणाच्या नावाने लावले आणि ती व्यक्ती कोण होती, हे झाड सांगू शकत नाही. ते माणसांनीच सांगावे लागते.

चंद्रगिरीवर शिळा कोरणाऱ्यांकडे छिन्नी आणि हातोडा होता. त्यांनी मोजके लिहिले, पण खरे लिहिले. या सभेत ज्या दिवंगतांची नावे वाचली जातील, त्यांतील प्रत्येकाचे एक पान पुढील दशलक्षण पर्वापूर्वी पूर्ण व्हावे आणि क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात ते सर्वांसमोर वाचले जावे. संस्थेने हे कार्य हाती घेतले, तर पुढील पन्नास वर्षांनी जमणाऱ्या सभेला आपल्या पूर्वजांच्या गुणांची अनुमोदना करता येईल.

सर्व दिवंगत आत्म्यांना सद्गती लाभो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.