मुक्कामाची सोय



मूल शाळा सोडते ते दर वेळी फीपायीच असे नाही. खेड्यातून आलेल्या पोराला अकोटात रात्री टेकायला जागा नसते. मुलीची शेवटची एस. टी. चुकली तर ती थांबणार कोठे, हा घोर अम्मीच्या जिवाला असतो. मग नाव कमी होते.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात ही अडचण बरोबर ओळखली. १९०६ साली तेथे मुस्लिम शिक्षणसंस्था निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतले आणि मुसलमान विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहिले. राजा हिंदू, मुले मुसलमान. आणि त्याच दरबारचे गवई उस्ताद अल्लादिया खाँ. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. देणे एकाच बाजूचे नव्हते, हे ध्यानात घ्या. आपल्या अमरावतीतही डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले ते सर्व जातींच्या मुलांसाठी.

राजे आता नाहीत. पण ज्यांच्या वाड्यात एखादी खोली रिकामी आहे असे लोक आपल्या गावात आहेत, आपल्यातले आणि शेजारच्या आळीतलेही. त्यांच्याकडे जायला लाज कसली? अकोटची सतरंजी एके काळी नावाजलेली. तो हात अजून जाणणारे कोणी बुजुर्ग असतील, तर त्यांनी सुटीत मुलांना माग दाखवावा.

मुलींसाठी मात्र नुसती खोली पुरणार नाही, घरात एखादी दादी-नानी हवी. अशा घरांची नावे आजच कार्यालयात लिहून द्या. जून फार लांब नाही.