साठ दिवसांचा कागद

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर, कोंडांवर कामं आटोपून ऐकत बसलेल्या सगळ्या ताई, वहिनी, काकींना रामराम.

2024 च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एक काकी म्हणाल्या, “अगं, इको झोन आलाय म्हणे. आता गवत कापायचं नाही, राबाला कवळ तोडायचं नाही, घर दुरुस्त करायचं तर दिल्लीला अर्ज.” दुसरी म्हणाली, “मग म्हशी विकायच्याच की!” दहा मिनिटांत सगळ्या बायका घाबरल्या. मी विचारलं, “तो कागद कुणी वाचलाय?” एकीचाही हात वर नाही. खरं सांगते, मीही वाचला नव्हता.

तो कागद म्हणजे पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने तो 31 जुलै 2024 ला काढला. आदल्याच दिवशी केरळात वायनाडला डोंगर कोसळला होता. सहा राज्यांतलं मिळून छप्पन्न हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, त्यात आपल्या महाराष्ट्राचं 17,340. गावांच्या यादीत रायगडची गावं आहेत, आपल्या दोन तालुक्यांतलीही आहेत. 2014 ते 2024 या दहा वर्षांत असा मसुदा सहा वेळा निघाला. दर वेळी हरकती आणि सूचनांसाठी साठ दिवस. म्हणजे सहा वेळा आपल्याला विचारलं गेलं आणि आपल्या वाडीपर्यंत प्रश्नच पोचला नाही. पोचली ती अफवा.

मग आम्ही कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीला बसवून तो वाचून घेतला. बंदीच्या यादीत काय? खाणी, दगडखाणी, वाळूउपसा. नवे औष्णिक वीजप्रकल्प. जास्त प्रदूषण करणारे, लाल वर्गातले नवे कारखाने. वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं. त्या यादीत गवताचा भारा नाही. राहत्या घराची दुरुस्ती, वाढ करायला आडकाठी नाही, असं तर स्पष्टच लिहिलंय. आणखी एक ओळ होती, ती आम्ही दोनदा वाचून घेतली: वनजमिनीवर प्रकल्प आणायचा तर ग्रामसभेची संमती लागेल.

मग सगळं चांगलंच आहे का? तसं मी म्हणत नाही. ज्या घरचा माणूस दगडखाणीवर कामाला जातो, त्या घरी चूल कशी पेटायची, हा प्रश्न खरा आहे. जंगलातून वाडीला रस्ता हवा, त्याला उशीर होईल का, हाही खरा. पण हे प्रश्न साठ दिवसांत लिहून पाठवले, तरच ते प्रश्न. नंतर पाणवठ्यावर बोललो तर ती नुसती कुरकुर.

आपल्याला डोंगर काय असतो हे कुणी शिकवायला नको. 22 जुलै 2021 ला तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळ्यात आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. ज्यांच्या डोक्यावर डोंगर आहे, त्यांचं म्हणणं दिल्लीच्या फायलीत नसावं, हे मला पटत नाही.

कागद मराठीत मागणं हा आगाऊपणा नाही. 2020 मध्ये पर्यावरणाच्याच दुसऱ्या एका मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणा. त्यात मराठी आलीच. आणि माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तो लोकांसमोर यायला माहिती अधिकारात भांडावं लागलं, 2012 उजाडलं. मागितल्याशिवाय कागद मिळत नाही, हे त्यातून शिकायचं.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव बघा. आधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीने ठरवायचं, ही त्यांची रीत. 2009 मध्ये त्या गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. आपला बचत गट म्हणजे अभ्यास गटच की! दर महिन्याला भेटतो, वही ठेवतो, हिशोब वाचतो.

तर एवढं करा. जंगलाबद्दल नवं काही कानावर आलं की पहिला प्रश्न: कागद कुठाय? तो ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन मराठीत मागा, अर्जाची पोच घ्या. साठ दिवस कधी सुरू झाले ती तारीख गटाच्या वहीत लिहा. राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध होतात, त्या दिवसापासून ते मोजतात. गटात वाचा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असं कायद्यातच आहे, ती नुसती सह्यांवर उरकू देऊ नका. तिथे आपलं म्हणणं ठरावात घाला आणि ठरावाची नक्कल घ्या. हरकत कुठे पाठवायची तो पत्ता मसुद्यातच असतो. पटलं तर पटलं म्हणून लिहा, नाही पटलं तर का नाही ते लिहा.

आमच्या काकींनी म्हशी विकल्या नाहीत. आता बैठकीत कुणी “म्हणे” म्हटलं, की त्याच पहिल्या विचारतात, “कागद कुठाय?”

रामराम.