नकारांतून निघणारें माप

‘सी’ भाषेंतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटांचा, तर तितक्याच बिटांच्या विंडोजवर ४ बाइटांचा असतो. हा भेद न जाणणारा प्रोग्रॅम एका यंत्रावर लिहिलेले आकडे दुसऱ्यावर चुकीचे वाचील. मापन करणारा छोटा प्रोग्रॅम चालवून पाहावा, हा सरळ उपाय. परंतु तें दुसरें यंत्र जवळच नसेल तर? १९९१ सालीं डेव्हिड मॅकेंझी यांनीं आरंभिलेलें ‘ऑटोकॉन्फ’ येथें एक युक्ति योजतें. ‘माप चाराहून अधिक नाहीं’ असें एखादें विधान तें कंपायलरपुढें ठेवतें. विधान खोटें असेल तर त्यांतील ‘ॲरे’ची लांबी उणें एक ठरते, असा मजकूर कंपायलर नाकारतो. अशा होकार-नकारांनीं कक्षा आवळत जाते, आणि प्रोग्रॅम न चालवितांच दूरच्या यंत्राचें माप हातीं येतें.