शेवटचा अंतरा



‘फिरस्त्या गायकाची आठवण’ असा आजचा विषय आहे. ‘फिरस्ता गायक’ म्हटलं की जाणकारांना अमेरिकेतले ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी, गाणारे आठवतात. मीही निघतो तिथूनच. मुक्काम मात्र आपल्या मुलखात करणार आहे.

रॉबर्ट जॉन्सन हा मिसिसिपीचा कृष्णवर्णीय गायक. गिटार घेऊन गावोगाव फिरायचा, रस्त्याच्या कडेला नाहीतर गुत्त्यात गायचा. १९३६ आणि १९३७ साली टेक्सासात त्याची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. १९३८ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, तो गेला. त्याला नेमकं कुठं पुरलं यावर एकमत नाही, म्हणून त्याच्या नावाचे दगड तीन ठिकाणी उभे आहेत.

आता आपला माणूस. लोककवी वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. सिन्नर विड्यांसाठी प्रसिद्ध, आणि आपला भंडाराही. सुपात पान-तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळणारी घरं कशी असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोटासाठी वामनदादा मुंबईला गेले, गिरणीत राबले, मिळेल ते काम केलं. शाळा झालेली नव्हती. कुणीतरी एकदा पत्र वाचून घ्यायला आलं आणि दादांना ते वाचता येईना. ती लाज त्यांना इतकी लागली, की मोठ्या वयात त्यांनी बाराखडी गिरवली. पुढं याच माणसानं हजारो गाणी लिहिली. सुरुवात झाली १९४३ साली, एका हिंदी गाण्याच्या विडंबनानं. त्याच साली ब्लूज गायक मडी वॉटर्स मिसिसिपीचं कापसाचं शेत सोडून शिकागोला गेला. दोघांनाही गाव पोसत नव्हतं, आणि दोघांनीही गावची चाल शहरात नेली.

पण एक फरक आहे. ब्लूजमधला गायक बहुतेक वेळा आपलं दुःख ‘मी’ म्हणून सांगतो: माझी बाई गेली, माझी गाडी सुटली. दादांच्या वाट्यालाही दुःख कमी आलं नाही. संसार मोडला, लेक लहानपणीच गेली. पण ते गायला उभे राहिले की तोंडी ‘आपण’ यायचं. त्यांच्यामागं आंबेडकरी जलशांची परंपरा होती आणि समोर बाबासाहेब आंबेडकरांचं काम होतं. सभा उठली की भाषणातला युक्तिवाद थोड्यांच्या लक्षात राहायचा. गाणं मात्र निंदणी करणाऱ्या बाईच्या ओठांवर घरी जायचं.

भंडाऱ्यात हे सांगायला वेगळं कारण आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच मतदारसंघातून उभे होते आणि पडले. मतपेटीनं दिलेला तो निकाल. आज बाबासाहेबांच्या जयंतीला, १४ एप्रिलला, याच जिल्ह्यात कोणत्याही गावात जा, पहाटेपासून कुणाचं नाव ऐकू येतं? लोकांनी नंतर दिलेल्या या निकालात पुढाऱ्यांइतकाच गाणाऱ्यांचा वाटा आहे.

गाणारा कसा जगतो, हे आपल्या झाडीपट्टीला ठाऊक आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते. दंडार होते, खडी गंमत होते, कुठं गायन पार्ट्यांचा दुय्यम सामना रंगतो. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो एका गाडीत कोंबून मंडळी येतात, रात्रभर गातात, बिदागी वाटून घेतात आणि उजाडायच्या आत पुढच्या गावाला निघतात. त्यांना आपण फर्माईश करतो, दादही देतो. नाव मात्र क्वचितच विचारतो.

दादांनी आपलं नाव स्वतःच राखून ठेवलं होतं. संतांच्या अभंगांपासूनची रीत आहे ही: शेवटच्या चरणात कर्त्याची नाममुद्रा. दादांच्या कितीतरी गाण्यांत अखेरीस ‘वामन’ येतो. त्यांच्या एका संग्रहाचं नावच ‘हे गीत वामनाचे’ आहे. आणि आज होतं काय? वेळ कमी असतो, डीजेला घाई असते, म्हणून दोन अंतरे वाजतात आणि गाणं तोडलं जातं. कापला जातो तो नेमका नावाचा अंतरा. मग लोक म्हणतात, लोकगीत आहे. लोकांनी गायलं म्हणून ते लोकांचं झालं, हे खरंच. पण ते लिहिणाऱ्यानं त्यासाठी रात्री जागवल्या होत्या.

जॉन्सनची चाहत्यांना आठवण झाली तेव्हा थडगं शोधायची वेळ आली होती. आपल्याला शोधत जायचं नाही. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले, त्याआधीच आपली खूण ते गाण्यात ठेवून गेले होते. तेव्हा यंदाच्या मंडईत, येत्या जयंतीत, गाणाऱ्याला बिदागी देताना एवढीच फर्माईश करा: बाबा, शेवटचा अंतरा गाळू नकोस. आणि तो गाऊन झाला, की त्या गाणाऱ्याचंही नाव विचारा.